दारातली लस

नीलमोहर सोसायटीच्या गेटवर नवी पाटी लागली होती. डोक्यावरची माशांची पाटी न उतरवताच मी ती वाचायला उभी राहिले आणि मान अवघडली. मोठं अक्षर मला चटकन लागतं, बारीक अक्षराला वेळ जातो. मी वाचायला शिकले तेव्हा मला नातू झाला होता, त्यामुळे घाई करून चालत नाही. पाटीवर लिहिलं होतं, ‘लस न घेतलेले विक्रेते, कामवाल्या बायका व ड्रायव्हर यांना आत प्रवेश नाही. आदेशावरून.’ आदेश कोणाचा ते लिहिलं नव्हतं.

वॉचमन बिहारचा. रोज माझी पाटी उतरवायला हात लावणारा. तो म्हणाला, "मौसी, आज से अंदर नहीं."

"तुझी झाली काय लस?"

"मेरी? मैं तो गेट के बाहर हूँ ना, मौसी."

तो खरंच गेटच्या रेषेवर मारलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे स्टूल टाकून बसला होता. मला हसू आलं. पण उन्हात पाटीतलं बर्फ विरघळून मानेवरून ओघळ उतरत होते, त्यामुळे ते फार टिकलं नाही.

खांदा कॉलनीत ही इमारत उभी राहत होती, तिला गिलावा चालला होता, तेव्हापासून मी तिथे बसते. आधी गवंड्यांना सुकट विकायची. मग बिऱ्हाडं आली आणि ताजी मासळी आणायला लागले. आत मीटरच्या खोलीशेजारी माझी जागा आहे. तिथे फरशीवर खवल्यांचा डाग पडलाय, तो कितीही धुतला तरी जात नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ साहेब खाली आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला गोड माणूस. मास्क नाकाखाली होता.

"दमयंतीबाई, राग मानू नका. कमिटीचा ठराव आहे. बिल्डिंगमध्ये सगळे सीनिअर सिटिझन."

"मी पन सीनिअरच हाय, साहेब."

"म्हणून तर तुम्हाला सवलत देतोय. दोन डोस मागत नाही. निदान पहिला घ्या आणि रविवारपर्यंत या. रविवारपासून एक मासळीची गाडी येणार आहे. ती मुलं व्हॅक्सिनेटेड आहेत, हातात मोजे, सगळं पॅक करून. त्यांना जागा लागेल. तुम्ही आलात तर बघू."

म्हणजे माझी जागा रविवारपर्यंत माझी. त्या गेटमधून मी आत गेले नाही, तर ती त्या गाडीची.

त्या दिवशी मी बाहेर रस्त्यावर बसून जमेल तसं विकलं. पुन्हा लॉकडाऊन होता, विक्री अकरापर्यंतच; अकराला पोलिसाची शिट्टी झाली आणि अर्धी कोळंबी तशीच घेऊन उठले. वर गॅलऱ्यांतून दोनतीन ओळखीचे चेहरे दिसले. मागच्या वर्षी, सगळं पहिल्यांदा बंद झालं तेव्हा, याच गॅलऱ्यांतून मला हाका यायच्या. माझा भाचा कुंदन औषधांच्या खोक्यांचा टेम्पो चालवतो. त्याच्या टेम्पोत लपून मी मासळी आणायची. वरून लोक दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचे आणि म्हणायचे, दमयंती, तू देवासारखी आलीस. तुला खोकला आहे का, ताप आहे का, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. भूक होती तोवर मी देव होते. आता दुसरी सोय झाली, तर मी रोग.

आमचं गाव गव्हाणच्या पुढे, खाडीला लागून. खाडी म्हणायची सवय आहे म्हणून म्हणते. बरीचशी भराव टाकून बुजवली. काही बंदरासाठी गेली, काही विमानतळासाठी, काही अशीच गेली. प्रत्येक वेळी कोणीतरी माइकवर सांगितलं की हे सगळं तुमच्यासाठी आहे. माझे मालक काशिराम उरलेल्या पाण्यात होडी घालतात आणि जे लागेल ते आणतात. ते मी विकते. मी विकलं नाही तर दलाल उचलतो, आणि दलाल उचलतो म्हणजे फुकटच नेतो. लॉकडाऊन होता तेव्हा देवळं बंद, शाळा बंद, बाजार बंद, पण न्हावा शेवा बंदरातले कंटेनरचे डबे बंद नव्हते. रात्रंदिवस ट्रेलर धावत होते. माणसाला घरात बसवलं आणि डब्यांना मोकळा रस्ता दिला. त्या डब्यांत काय होतं, ते कोणासाठी अत्यावश्यक होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मासळी मात्र अत्यावश्यक आहे की नाही, यावर चार ठिकाणी चार उत्तरं मिळायची.

घरी आले तर काशिराम ओटीवर जाळं घेऊन बसले होते.

"काय गो, लवकर आयलीस?"

"गेटवरना परत धाडली. लस पायजे बोलतात."

"मंग घे की. लस तर गावान आयलीय."

ते खरं होतं. महिन्याच्या सुरुवातीला गावच्या शाळेत लसीकरण सुरू झालं होतं. शाळेवर लावलेला बॅनर शाळेच्या भिंतीपेक्षा मोठा होता. त्यावर नेत्यांचे हसरे फोटो, कोपऱ्यात सुईचं छोटंसं चित्र. पण लस मिळत होती ती मोबाइलवर नंबर लावणाऱ्याला. आमची सून भावना बारावी शिकलेली. ती रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन गच्चीवर जायची, कारण खाली रेंज नाही. त्या दिवशी मीही वर गेले.

"आये, हिरवा दिसला की दाबायचा," ती म्हणाली. "आलं! आलं बघा... आपलं गाव... दाबलं."

"मंग?"

"ओटीपी पाठवतो बोलतंय."

आम्ही दोघी मोबाइलकडे बघत राहिलो. ओटीपी आला तेव्हा हिरवं जाऊन लाल झालं होतं.

खालून काशिराम ओरडले, "लागली काय गो?"

"सुटली!"

"खाडीचा बोयट मासा तरी जाल्यान गेल्यावर जरा हलतो," ते म्हणाले. "ह्यो बाहेरूनच हसून जातो."

तेवढ्यात सोनाबाई आली. ती माझ्या आधीपासून मासळी विकते, तोंडाने तिखट. तिचीही तीच अडचण. ती न्यू पनवेलच्या एका सोसायटीत बसायची, तिथेही पाटी लागली होती.

"मोबाइलन काय डोकं घालून बसल्याव?" ती म्हणाली. "शाला कोनाची? आपली. उद्या पहाटं पाट्या लावू."

हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. बंदरावर लिलावाला बायका येतात तेव्हा कोणी दिवसभर रांगेत उभं राहत नाही. आपली पाटी रांगेत ठेवायची आणि दुसरी कामं करायला जायचं. पाटी लावली म्हणजे माणूस लागला. दुसऱ्याच्या पाटीला कोणी हात लावत नाही, पुढची मागे करत नाही, मागची पुढे करत नाही. माझी सासूही तसंच करायची. भांडणं मासळीच्या भावावरून होतात, नंबरावरून कधी होत नाहीत. कोणाची पाटी कोणती, ते आम्हांला बांधलेल्या चिंधीवरून, तुटलेल्या कडेवरून कळतं. लक्षात ठेवायची गरजच पडत नाही, कारण रांग पाट्यांनी धरलेली असते.

पहाटे अंधारातच आम्ही बायकांनी शाळेच्या व्हरांड्यात पाट्या लावल्या. पायरीपासून थेट झेंड्याच्या ओट्यापर्यंत. मग आपापली होडी यायची म्हणून धक्क्याकडे गेलो. मासळी निवडली, बर्फ घातलं, आणि ऊन वर आल्यावर परतलो.

शाळेच्या मैदानात गाड्या उभ्या होत्या. पांढऱ्या, चंदेरी, काचा वर केलेल्या. आमच्या पाट्या भिंतीच्या कोपऱ्यात एकात एक घालून रचून ठेवल्या होत्या. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर शहरातले लोक अंतर ठेवून बसले होते. कोणी मुंबईचे, कोणी खारघरचे. एकाच्या हातात पाण्याची थंड बाटली, एका बाईच्या हातात छोटा पंखा. आमच्या गावात लस घ्यायला आलेल्या माणसांत आमच्या गावचं माणूस एकही नव्हतं.

दाराशी टेबल घेऊन कोमल सिस्टर बसली होती. पनवेलची पोर, चांगली आहे, पण त्या दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

सोनाबाई सरळ टेबलाशी गेली. "आमच्या पाट्या कोनी उचलल्या?"

"मावशी, टोपल्या होत्या त्या. लोकांना बसायला जागा नको?"

"टोपल्या नाय त्या. नंबर हाय आमचा."

"आज फक्त ऑनलाइनवाल्यांचा साठा आलाय. बाहेर पाटी लावलीये ना तशी. वाचली नाही का?"

"तुमची पाटी आमी वाचायची," सोनाबाई म्हणाली, "आनी आमची पाटी तुमी वाचायची नाय. बरा हाय!"

मागे कोणीतरी हसलं. सिस्टर हसली नाही. ती म्हणाली, "मावशी, मला वरून जी यादी येते तिच्यातलीच नावं मी घेते. यादी मी करत नाही."

खरं होतं. ती करत नव्हती. कोण करत होतं ते तिलाही माहीत नव्हतं. याच गोष्टीने माझं डोकं फिरतं. भांडायला गेलं की समोर नेहमी आपल्यासारखंच थकलेलं माणूस बसलेलं असतं.

तेवढ्यात हाक आली, "अगं, दमयंती!"

खुर्चीवर आशालता वहिनी होत्या. दीनानाथ साहेबांची बायको, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. साहेब शेजारीच बसले होते, दंडाला कापूस धरून.

"तू इथली? किती छान आहे गं तुमचं गाव! शांत. आमच्याकडे एकही स्लॉट मिळेना. शेवटी सत्यजीतने तिकडून, कॅनडातून बुक केलं. तिकडे दिवस असतो ना, तो जागाच असतो."

"बरा झाला, वहिनी."

"घरी कोळंबी आहे का? आलोच आहोत तर घेऊन जाऊ."

मी म्हटलं, "हाय. पन साहेबांनी मना गेटवर अडवलंय."

वहिनींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी झेंड्याच्या ओट्याकडे पाहिलं.

"नियम आहे गं," वहिनी म्हणाल्या. "पण तुला काय अवघड आहे? तुझ्या तर दारातच आहे लस!"

मी कोपऱ्यात रचलेल्या आमच्या पाट्यांकडे बोट दाखवलं. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "ऑनलाइन पद्धत चांगली आहे, दमयंतीबाई. वशिला नाही, चिठ्ठी नाही. जो आधी बटण दाबेल त्याचा नंबर. सगळ्यांना समान संधी."

"साहेब, आमच्या गच्चीवर रेंज येते तवर तुमच्या पोराचं बटन दाबून झालेलं असतं."

"त्याला आपण काय करणार?"

गाड्या एकेक करून गेल्या. आम्ही बायका भिंतीच्या सावलीत बसून राहिलो. कोणी उठायला तयार नव्हतं. दुपारी सिस्टर बाहेर आली. नंबर लावलेला एक माणूस आला नव्हता. उघडलेल्या बाटलीत एक डोस उरला होता, आणि तो थोड्याच वेळात वाया जाणार होता.

"कोणाला देऊ? पटकन सांगा. आधारकार्ड घेऊन या."

"पयली पाटी माझी व्हती," सोनाबाई म्हणाली.

"तुझी कशी? पायरीला टेकून माझी व्हती," मी म्हणाले.

"तू आयलीस तवा मी चाय पिऊन परत निघालेली!"

"चाय पिऊन नाय, चाय प्यायला निघालेली. पाटी हातान व्हती तुझ्या!"

मग बाकीच्याही उठल्या. एक म्हणे मी दोघींच्या आधी, दुसरी म्हणे अंधारात तुम्ही माझी पाटी पाहिलीच नाही. कोपऱ्यात पाट्या एकात एक घुसून पडल्या होत्या. पहिली कोणती आणि शेवटची कोणती, हे त्यांच्याकडे पाहून कळायचं काही साधन उरलं नव्हतं, आणि लक्षात ठेवायची सवय आम्हांला कधी लागलीच नव्हती. आयुष्यभर एका बंदरावर बसलेल्या बायका, एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या, त्या एका सुईसाठी एकमेकींची लाज काढत होत्या. सोनाबाई मला म्हणाली, "तुना नवरा हाय, पोर हाय, सून हाय. माझ्या पाठी कोन हाय?" मी तिला म्हणाले, "मंग तुना जगून कोनाला पोसायचंय?" हे मी बोलले. तोंडातून गेलं.

सिस्टरने दोनदा घड्याळ पाहिलं. मैदानात एक गाडी अजून उभी होती. तिचा ड्रायव्हर झाडाखाली मालकांची वाट पाहत होता. सिस्टरने त्याला हाक मारली, "दादा, आधार आहे?" त्याच्या खिशात होतं. दोन मिनिटांत तो दंड चोळत बाहेर आला. कळंबोलीचा होता, आमच्यासारखाच. त्यालाही त्याच्या मालकांच्या सोसायटीने लसीशिवाय आत घ्यायचं नाकारलं होतं. तो आमच्याकडे बघून म्हणाला, "मावशी, मी मागितली नव्हती हो." त्याच्यावर चिडायचीही सोय राहिली नाही.

सोनाबाईने आपली पाटी उपसून काढली आणि माझ्याशी न बोलता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावनाच्या मोबाइलवर आशालता वहिनींचा फोन आला. त्यांना वाईट वाटलं होतं, हे खरं. त्या म्हणाल्या, "दमयंती, तुझा आधार नंबर पाठव. सत्यजीतला सांगते, तो बघेल तुझ्यासाठी." भावनाने पाठवला. रात्री आम्ही जेवायला बसलो असताना मोबाइल वाजला. नंबर लागला होता. उद्याचा, शनिवारचा. गाव होतं रोह्याच्याही पुढचं, नाव आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं.

काशिराम घास हातात धरून हसायला लागले. "आपल्या दारातली लस मुंबईला, नि आपली लस रोह्याला. मधी कॅनडा!"

मला हसू आलं नाही. एस.टी. बंद होती, गाडी आमची नाही. पण कुंदनचा टेम्पो शनिवारी महाडला जाणार होता. टेम्पोच्या काचेवर ‘अत्यावश्यक सेवा’ चिकटवलेलं. मी मागे खोक्यांत बसले की मीही अत्यावश्यक.

सकाळी टेम्पोची वाट पाहत मी नाक्यावर उभी होते तर सोनाबाई समोरून आली. गावात गोष्ट लपत नाही.

"चाललीस?"

"चाललीय."

"जा," ती म्हणाली. "तिथं पन कोन तरी पाटी लावून बसली असंल. ती बाजूला सार, नि घेऊन ये."

टेम्पो आला, चढले.

पेणच्या पुढे रस्ता फोडून ठेवला आहे, कितीतरी वर्षं फोडूनच ठेवला आहे. औषधांची खोकी माझ्या अंगावर येत होती. लस येते म्हणून पोस्टर, रस्ता होतो म्हणून पोस्टर, आणि दोन्हींच्या खाली माणूस खोक्यांना धरून बसलेला. कुंदन म्हणाला, "मावशी, पन्नास ठिकानी थांबवतात, पन टेम्पोत काय हाय ते कोनी बघत नाय." त्या दिवशी तरी कोणी पाहिलं नाही.

रोह्याच्या पुढे आत वळून ते गाव लागलं. लसीकरण ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होतं. बाहेर चिंचेच्या सावलीत बायका बसल्या होत्या. बहुतेक शेतावरच्या, नऊवारी नेसलेल्या. दारापासून चपलांची एक रांग लावलेली, आणि त्या चपलांच्या मालकिणी सावलीत. तिथे कोणी चपला उचलल्या नव्हत्या. पण चपलांच्या बाजूने वाट ठेवली होती, आणि त्या वाटेने मोबाइलवाले आत जात होते.

मी मोबाइल हातात धरून उभी राहिले. भावनाने त्यावर मेसेज उघडून दिला होता आणि सांगितलं होतं, आये, काही दाबू नको, नुसता दाखव.

एक बाई, माझ्याच वयाची, म्हणाली, "कुठनं आलाव?"

"पनवेलकडनं."

"लई लांबनं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आमी पहाटंपासनं हाव."

ती तक्रार करत नव्हती. नुसतं सांगत होती. तिच्या नवऱ्याला दम्याचा त्रास होता, तो शेजारी टेकून बसला होता आणि मोठ्याने श्वास घेत होता. आत जाऊन सिस्टरला विचारता आलं असतं, की माझा नंबर याला देता येतो का. कदाचित नाही म्हणाली असती. यादी वरून येते म्हणाली असती. पण मी विचारलंच नाही. मला रविवार दिसत होता, मीटरच्या खोलीशेजारची फरशी दिसत होती. नाव पुकारलं तशी चपलांच्या बाजूच्या वाटेने आत गेले.

सुई टोचली तेव्हा काही वाटलं नाही. नंतर अर्धा तास खुर्चीवर बसवलं. खुर्ची खिडकीशी होती आणि खिडकीतून ती बाई दिसत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागच्या भिंतीकडे, अजून किती लोक आत आहेत ते मोजल्यासारखं बघत होती. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्यांवर बसलेल्या लोकांकडे मी तसंच पाहिलं असणार. तेव्हा वाटलं होतं की त्यांना आमच्याकडे पाहायची लाज वाटत असेल. आता कळलं, की खुर्चीवर बसलं की समोरच्याला काय बोलावं तेच सुचत नाही. बाहेर आले तर तीच म्हणाली, "दुखतंय का हो?" मी म्हटलं, "नाय." एवढंच झालं.

रविवारी सकाळी अंगात ताप होता तरी उठले. काशिरामांनी रात्री चांगली कोळंबी आणली होती, एक मध्यम जिताडाही लागला होता. मी कुंदनच्या टेम्पोत बसत असताना सोनाबाई पाटी घेऊन आली. तिच्या पाटीत चिंबोऱ्या होत्या, नांग्या बांधलेल्या.

"ह्या पन ने," ती म्हणाली. तोंड अजून वाकडंच होतं.

"लस मना दिलीय. तुझ्या चिंबोऱ्यांना नाय."

"त्यांना कोन विचारतंय? मानसाचीच भीती वाटते त्या लोकांना." मग माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "तापलीयस की गो. सावलीन बस."

गेटवर वॉचमनने मोबाइलवरचा मेसेज पाहिला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, आणि मेसेज इंग्रजीत होता, तेही त्याला येत नव्हतं. पण त्याने मन लावून पाहिला आणि म्हणाला, "जाओ मौसी."

आत गेले तर मीटरच्या खोलीसमोर मासळीची गाडी उभी होती. निळी, चकचकीत, बाजूला उड्या मारणाऱ्या माशाचं चित्र. दोन पोरं हातात मोजे घालून डबे मांडत होती. दीनानाथ साहेब उभेच होते.

"वा, दमयंतीबाई! झाली ना लस? बघा, माणसाने मनात आणलं की सगळं होतं."

"साहेब, ही गाडी? तुमी बोललेलाव, मी आली तर बघू."

"बघितलं ना. दोघांनाही जागा देतोय. तुम्ही इकडे सायकलींपाशी बसा. थोडी कॉम्पिटिशन असलेली बरी. रेसिडेन्टचाच फायदा."

सायकलींपाशी ऊन होतं. मी पाटी उतरवली. गाडीवाल्या पोरांतला एक माझ्या जिताड्याकडे बघून म्हणाला, "आजी, हे ताजं दिसतंय, कुठून आणता?" मी म्हटलं, "जिथं बंदराचे डबे उतरतात, त्याच्या शेजारच्या पान्यातनं." त्याला काही समजलं नाही. तो आपल्या कामाला लागला.

आशालता वहिनी खाली आल्या. गाडीकडे न जाता सरळ माझ्याकडे. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. त्यांनी कोळंबी काढायला सांगितली, चिंबोऱ्या वळवून पाहिल्या.

"त्रास नाही ना झाला फार? सत्यजीत सारखा विचारत होता."

"नाय, वहिनी. त्याला सांगा, लागला नंबर."

"गर्दी होती का गं तिथे?"

"व्हती."

"तेच ना," त्या म्हणाल्या, आणि कोळंबी निवडता निवडता मान हलवली. "बाहेरून लोक येतात आणि गर्दी करतात. मग तिथल्या बिचाऱ्यांना मिळत नाही. कोणी बघायला नको का?"

"हां वहिनी," मी म्हटलं. "मी बाहेरचीच व्हती."

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा केली. मी कोळंबीची डोकी मोडायला घेतली, आणि सुई टोचलेला डावा दंड दुखत होता म्हणून उजव्या हाताने पिशवी धरली.